गेटसमोरचा सीमाप्रश्न

सीमाप्रश्नात महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. आमच्या गल्लीचा दावा त्या मानानं अगदीच माफक. प्रत्येक घराच्या गेटसमोरची दहा फूट जागा मिळावी, तीही कायमची नको, घरातली गाडी आत-बाहेर करण्यापुरती मिळाली तरी पुरे. एवढ्यावर आम्ही तडजोडीला तयार आहोत. पण समोरचा पक्ष चर्चेला बसत नाही, कारण तो बस्ता बांधायला बसलेला असतो.

आमची गल्ली बेळगावच्या शहापुरातली. आज शहापूर कुठं संपतं आणि बेळगाव कुठं सुरू होतं हे रिक्षावाल्यालाही सांगता येणार नाही, पण १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. म्हणजे १९५६ साली राज्यांची फेररचना होऊन सीमा आमच्या नशिबी आली हे अर्धसत्य आहे. ती आधीपासून गावातच होती, नंतर जरा लांब गेली इतकंच. सोनं आणि साड्या घ्यायला मुलूखभरची माणसं तेव्हाही शहापुरात यायची. यायची बैलगाडीनं. बैल सोडून झाडाला बांधायची आणि खरेदीला जायची. फार वेळ झाला की बैल हंबरून मालकाला बोलवायचा. आताच्या गाड्यांचा अलार्मही हंबरतो, पण तो ऐकून मालक सोडून सगळी गल्ली धावते.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दारासमोरची जागा जाते, ती आषाढ लागल्यावर परत मिळते. मधले महिने लगीनसराईचे. चंदगडचे लोक येतात, खानापूरचे येतात, गडहिंग्लज-निपाणीचे येतात, चोर्ला घाट चढून गोव्याचे येतात. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, पण चंदगडकर सरकारी कागदाला कोल्हापूर गाठतो आणि बाकी सगळ्याला बेळगाव. त्याला बाहेरचा म्हणावं तर सीमेपलीकडच्या शिनोळीपर्यंत जाऊन आलेला आमचाही माणूस तिकडं बाहेरचा ठरेल.

बस्ता ही एकट्यादुकट्यानं उरकायची गोष्ट नाही. नवरीकडचे आणि नवरदेवाकडचे तर हवेतच. शिवाय दोन्हीकडच्या आत्या, कारण त्यांना विचारलं नाही तर लग्नात रुसायला निमित्त मिळतं. एक मामा, जो एक पैसा देणार नाही पण पोत चिमटीत धरून बघणार. एक कॉलेजातली करवली, जिला दुकानातलं काहीच आवडत नाही. आणि एक जाणती बाई, जी पहिल्या दुकानात पसंत केलेली साडी शेवटच्या दुकानात नापसंत करते. एवढा लवाजमा दोन-तीन गाड्यांतून सकाळी दहाला उतरतो. गाडी लावणाऱ्याला विचारलं, की तो खिडकीतून हात बाहेर काढून पाचही बोटं दाखवतो. पाच मिनिटं! कन्नड बोलणारा असेल तर ‘ऐद निमिष री’ म्हणतो. दोन्ही भाषांत ही पाच मिनिटं सारखीच लांब असतात. दुपारचं जेवण त्यांतच होतं. कुंदा घेणं त्यांतच होतं. मंगळसूत्राच्या वाट्या त्यांतच ठरतात.

हल्ली एक नवीच पद्धत निघाली आहे. गाडी लावून जाताना गाडीत एक आजोबा ठेवून जायचं. सरकारी गोदामाला लाखेचं सील असतं ना, तसे ते आजोबा. त्यांना गाडी चालवता येत नाही, खिडकीची काच खाली कशी करायची तेही धड ठाऊक नसतं, पण ते आत असल्यामुळं गाडी बेवारस ठरत नाही.

“आजोबा, गाडी कुणाची?”

“आमचीच की.”

“जरा पुढं घ्यायला सांगता का?”

“डायवर येतोय की आता.”

“कधी गेलाय?”

“सकाळीच.”

आता या माणसावर चिडणार कसं? टोपी गुडघ्यावर ठेवून घाम पुसत बसलेला असतो. आमची आई वरून बघत असते. तिचा जीव राहत नाही, ती तांब्या-भांडं पाठवते. पाण्यामागून चहा जातो. चहाबरोबर गाव विचारलं जातं, गावाबरोबर भावकी निघते, आणि आजोबांची चुलत बहीण आमच्या मावशीच्या जावेच्या घरी दिलेली असल्याचं सिद्ध होतं. सीमाभागात हे नेहमीच सिद्ध होतं, पुरावे कमी पडत नाहीत. ड्रायव्हर येईपर्यंत आजोबा आमच्या सोप्यावर बसून भाकरी खात असतात आणि तो आल्यावर त्यालाच झापतात, “कुठं लावलास रे गाडी? पावण्यांच्या दारात?” आम्ही मधे पडून म्हणतो, राहू दे, राहू दे, आपलीच जागा आहे. झालं. दावा तिथंच निकालात निघतो.

बाहेरचा कोण आणि गावातला कोण हे नंबरावरून ओळखावं, तर तेही आमच्याकडं जमत नाही. केए २२ म्हणजे बेळगाव, केए २३ म्हणजे चिक्कोडी, त्यातच निपाणी आली. एमएच ०९ कोल्हापूर, एमएच ०७ सिंधुदुर्ग. कागदावर चोख. पण कर्नाटकातला रस्ताकर जबर, त्यामुळं पावण्याच्या नावावर महाराष्ट्रात गाडी घेऊन ती इथं फिरवणारे आमच्या गल्लीतच आहेत. उलट केए २२ लावून वर्षाचे अकरा महिने पुण्यात राहणारेही आहेत. त्यामुळं ‘एमएच पासिंग आहे, बाहेरचाच असणार’ म्हणून तावातावानं भांडायला गेलेला माणूस पुष्कळदा शेजारच्या वहिनींच्या भावाशी भांडून परत येतो.

भाषेचंही तसंच. गाडीत अनोळखी माणूस दिसला, की आमचा मराठी माणूस जपून कन्नडमध्ये सुरुवात करतो, ‘गाडी स्वल्प मुंदं तगोळ्री’. आतला चंदगडचा. त्याला कन्नड येत नाही, म्हणून तो हिंदीत उत्तर देतो. मग दोघं तोडक्यामोडक्या हिंदीत हमरीतुमरीवर येतात. शेवटी चिडून एकाच्या तोंडून अस्सल शिवी निसटते आणि तेव्हा कुठं कळतं, दोघेही मराठीच. पुढचं भांडण मग मोकळ्या मनानं होतं. बाकी एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. गल्लीत मराठी घरं आहेत, कन्नड घरं आहेत, दोन उर्दू बोलणारीही आहेत. नोव्हेंबरच्या १ तारखेला काही राज्योत्सव करतात, काही काळा दिवस पाळतात. पण गेटसमोर लावलेल्या इनोव्हाच्या बाबतीत सगळ्या भाषांचं एकमत आहे. इतकी भाषिक एकात्मता दिल्लीला कळली तर पुरस्कार मिळेल.

काही सज्जन लोक काचेवर मोबाईल नंबर लिहून जातात. त्यांना आम्ही दुवा देतो आणि नंबर लावतो. फोन संकेश्वरला लागतो.

“ती गाडी मी कवाच विकली की ओ.”

“मग नंबर तुमचा कसा?”

“स्टिकर निघंना. बरी हाय न्हवं गाडी? ऑइल गळतंय का अजून?”

वाकून बघितलं तर गळत असतं. बरोब्बर आमच्या रांगोळीवर.

उपाय आम्ही कमी केलेले नाहीत. पहिला उपाय बोर्ड. ‘गेटसमोर गाडी लावू नये’ एवढं लिहायचं होतं, पण बेळगावात बोर्ड ही साधी गोष्ट नाही. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा २०२४ मध्ये झालाय. घराच्या गेटला तो लागू नाही, पण वर कुठली भाषा आणि खाली कुठली यावर गल्लीच्या बैठकीत इतका वेळ गेला, की तेवढ्यात बैठकीला आलेल्यांच्या दारांत चार गाड्या लागल्या. शेवटी भाषाच काढून टाकली आणि नुसता लाल गोलात आडवी रेघ मारलेला ‘पी’ रंगवला. आता लोक त्या ‘पी’च्या खाली गाडी लावतात. पार्किंगचीच खूण आहे म्हणतात, रेघ रंगाऱ्याची चुकून लागली असेल.

मग जुन्या टायरात सिमेंट ओतून मधे पाइप उभा केला. पंधरवड्यात तो बाजूला सरकवला गेला आणि त्यावर उसाच्या रसवाल्यानं छत्री लावली. कुंड्या ठेवल्या, त्या गेल्या. कुंड्या गेल्याचं दुःख नाही, तुळस गेली. कुणी सुचवलं, चाकातली हवा सोडा. हा सल्ला देणाऱ्यानं पुढचा विचार केलेला नसतो. हवा सोडलेली गाडी जागची हलत नाही. जी संध्याकाळी गेली असती ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहते, आणि पंक्चरवाला पोचेपर्यंत सगळा बस्ता आपल्या पायरीवर बसून राहतो.

सगळ्यात गुणकारी उपाय पलीकडच्या काकूंचा. एका अमावास्येला त्यांनी गेटसमोर एक लिंबू, चिमूटभर हळदकुंकू आणि दोन बिब्बे ठेवले. एक गाडी आली, थांबली, ड्रायव्हरनं वाकून बघितलं आणि जी मागं घेतली ती थेट नाथ पै चौकात. सिटी सर्व्हेचा उतारा दाखवून कुणी हटत नाही, लिंबाच्या उताऱ्याला सगळे घाबरतात. अडचण एकच झाली. काकूंचा मुलगाही घाबरला. आपल्याच आईनं आपल्याच हातानं ठेवलेलं लिंबू, पण ओलांडून गाडी काही त्यानं बाहेर काढली नाही. बसनं कामावर गेला.

सम-विषम तारखांचं पार्किंग आपल्याकडच्या बाजारपेठांत सगळ्यांच्या ओळखीचं. एका तारखेला या बाजूला, दुसऱ्या तारखेला त्या बाजूला. गल्लीतही तसंच करावं असा विषय निघाला, तर निवृत्त गणितशिक्षक असलेले आमचे शेजारी कॅलेंडर घेऊन उभे राहिले. म्हणाले, ३१ नंतर १ येते, दोन्ही विषम. असं वर्षात सात वेळा होतं. साध्या वर्षात विषम तारखा १८६ आणि सम १७९. म्हणजे विषम बाजूच्या घरांवर वर्षाला सात दिवस धडधडीत अन्याय. सर विषम बाजूला राहतात हे वेगळं सांगायला नको. विषय तहकूब झाला.

मग एका शनिवारी रात्री कुणीतरी पाटसकर सूत्र काढलं. आंध्र आणि मद्रासच्या सीमेसाठी ह. वि. पाटसकरांनी जी तत्त्वं धरली, त्यांच्याच आधारावर महाराष्ट्र इतकी वर्षं भांडतो आहे. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. सीमाभागातल्या मुलाला ही चार तत्त्वं पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आम्ही ती गेटला लावली. गेट हा घटक धरला. भौगोलिक सलगता तर इतकी, की गेट उघडलं की ते गाडीच्या दारावरच आपटतं. बहुसंख्या मात्र आमच्या विरुद्ध गेली, कारण गल्लीत आम्ही सत्तर-ऐंशी माणसं आणि लगीनसराईच्या शनिवारी बाजाराला आलेले त्याहून कितीतरी जास्त. राहिली लोकेच्छा. ती घ्यायला गेलो तर बस्तेकऱ्यांची एकमुखी इच्छा निघाली, की जागा सावलीची आहे, इथंच बरी. सूत्र बाजूला ठेवलं. ज्या सूत्रानं बेळगाव मिळालं नाही, त्यानं दहा फूट मिळतील ही आशाच भाबडी.

कायदा आमच्या बाजूनं आहे, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं, पण गल्लीत कुणीच आधी सांगत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२२. धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी सार्वजनिक ठिकाणी सोडायची नाही. कलम १२७ प्रमाणे अशी गाडी पोलिसांना हलवता येते. १९८९ च्या वाहतूक नियमांतही प्रवेशद्वार अडवून गाडी उभी करू नये असं साफ लिहिलेलं होतं. फोन केला की पोलिस येतातही. टोइंगची गाडीही येते. ती गल्लीच्या तोंडाशी थांबते, कारण आत गाड्या लावलेल्या असतात.

जपानात १९६२ पासून कायदा आहे म्हणे, मोटार घ्यायची तर ती ठेवायची जागा आधी दाखवा, आणि ती घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनीही पार्किंगच्या दाखल्याशिवाय नोंदणी नाही असं बोलून दाखवलं. आमच्याकडं असा कायदा आला, तर दोन किलोमीटरच्या आतली जागा म्हणून अख्खं शहापूर शिवाजी उद्यान दाखवील आणि दाखलाही मिळेल.

निपाणीचे आमचे मेहुणे या सगळ्याला हसतात. निपाणीला गुरुवारचा बाजार. चिक्कोडीकडची खेडी येतात, मुरगूड रोडनं कागल तालुक्यातली येतात, आणि तिथं येणारा कुठल्या राज्यातून आला हा प्रश्नच कुणी विचारत नाही. देवचंद कॉलेज म्हटलं की लोक निपाणीचं म्हणतात, पण ते आहे अर्जुननगरला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात. निपाणीची पोरं रोज राज्य ओलांडून तासाला बसतात आणि राज्य ओलांडून जेवायला घरी येतात. सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ च्या अहवालात बेळगाव कर्नाटकात ठेवलं आणि निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला, निपाणी होती तिथंच राहिली. “आयोगाला आमचं गाव हलवता आलं न्हाई,” मेहुणे म्हणतात, “आणि तुम्ही एक जीप हलवाय निघालाय, दाजी.”

त्यांनी स्वतःचा बंदोबस्त केलेला आहे. गुरुवारी पहाटे एक भाजीवाली मावशी त्यांच्या गेटसमोर पोतं अंथरते. मेहुण्यांनीच तिला बोलावलंय. मेथी, वांगी, मिरच्यांचा ढीग. तिथं गाडी लावायची कुणाची छाती नाही. एकदा एकानं बंपर जरा जवळ आणला, तर तिनं उठून त्याच्या सात पिढ्यांचा पंचनामा केला, निम्मा मराठीत, निम्मा कन्नडमध्ये. गाडी गेली. मेहुण्यांच्या घरी गुरुवारी दोन पेंढ्या मेथी फुकट येते. त्यांची स्वतःची मोटार मात्र गुरुवारी दिवसभर आत अडकते, कारण मावशी त्यांच्यासाठीही उठत नाही. मेहुणे म्हणतात, बाहेरच्यानं अडवण्यापेक्षा आपल्या माणसानं अडवलेलं बरं. सीमाभागाचं यापेक्षा नेमकं राजकीय धोरण मी वाचलेलं नाही.

गेट खरोखर मोकळं होण्याचे दिवस आमच्याकडं वर्षात येतात, नाही असं नाही. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. मग सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर बंदोबस्त लागतो, महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना तिथं अडवतात. आणि वातावरण तापलं की गाड्याही थांबतात. २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली, पलीकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं गेलं, एसट्या थांबल्या. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत एक परकं चाक नव्हतं. गेट सताड उघडता येत होतं. पण गाडी काढून जायचं कुठं? दुकानदार दारात येऊन रस्त्याकडं बघत उभे. शिलाईवाल्या बायका रिकाम्या. गणिताचे सरसुद्धा म्हणाले, एखादी गाडी लागली असती तर बरं वाटलं असतं. सगळं शांत होऊन पहिली एमएच ०९ आमच्या दारात लागली, तेव्हा काकूंनी गॅलरीतून हाक मारली, “या, या. जरा भिंतीला चिकटून लावा म्हणजे झालं!”

तेव्हा यंदा शहापुरात बस्त्याला येणार असाल तर जरूर या. गाडी कुठंतरी लागणारच, ती आमच्याच दारात लागेल हेही आम्ही मनाला समजावलं आहे. फक्त काचेवर नंबर लिहाल तो सध्याच्या मालकाचा लिहा, फोन साडीच्या दुकानातल्या गोंगाटात ऐकू येईल असा खिशात ठेवा, आणि गाडीत कुणाला बसवून जाणारच असाल तर ज्याच्याकडं लायसन आहे त्याला बसवा. आजोबांना दुकानात न्या. लग्न त्यांच्याच नातीचं आहे, साडी त्यांनाही बघू द्या.